दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना

गाडी शिकवणारा प्रत्येक माणूस हाताबद्दल आणि पायाबद्दल बोलतो. क्लच पूर्ण दाब, गिअर टाक, क्लच हळूहळू सोड, आता रेस दे. कानाबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. इतकी वर्षं मॅन्युअल गाडी चालवल्यावर माझं ठाम मत झालंय की स्मूथ गिअर टाकणं ही आधी ऐकायची गोष्ट आहे, हातापायांचा नंबर नंतर लागतो. क्लच दाबल्यापासून सोडेपर्यंत जो काय एखादा सेकंद जातो त्यात इंजिनचा आवाज वरून खाली येत असतो, आणि तो नेमका कुठं आला की क्लच सोडायचा हे ज्याला उमगलं त्याच्या गाडीत मागे झोपलेली आजी झोपेतून हलत सुद्धा नाही.

मला हे पहिल्यांदा कळलं ते एसटीत. वाई-पाचगणी, पसरणी घाट. ड्रायव्हरच्या जवळची सीट मिळावी म्हणून आम्ही पोरं खिडकीतून रुमाल टाकायचो, कारण त्या जुन्या गाड्यांचं इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, जाड झाकणाखाली असायचं आणि सगळा आवाज थेट अंगावर यायचा. लांबच्या लांब गिअरचा दांडा, त्याचा गुळगुळीत झालेला गोळा, आणि ड्रायव्हरचा डावा पाय. तो पाय एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबायचा. एकदा दाबून दांडा मधे आणायचा, पाय उचलायचा, इंजिनाचा आवाज खाली येईपर्यंत थांबायचा, मग परत दाबून दांडा पुढे. आणि खालचा गिअर टाकायचा असला की मधल्या त्या क्षणात उजव्या पायानं ॲक्सिलेटरला एक टिचकी, घुर्रर्र करून इंजिन वर गेलं की लगेच दांडा आत. मी एकदा विचारलं होतं, काका दोनदा का दाबता? घाटाकडची नजर न हलवता ते म्हणाले, "दात जुळाय लागत्यात बाळा. नायतर वरडतोय गिअर."

त्या एका वाक्यात निम्मं मेकॅनिकल इंजिनिअरिंग होतं हे नंतर कळलं.

आता त्यामागचं गणित सांगतो, कारण ते मला मनापासून आवडतं आणि कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ते कुणी फळ्यावर लिहिलेलं मी बघितलं नाही. एक साधी छोटी पेट्रोल गाडी धरा. पहिल्या गिअरचा रेशो (म्हणजे गिअरबॉक्समधून एक फेरी बाहेर पडायला इंजिनाला किती फेऱ्या माराव्या लागतात तो आकडा) साधारण ३.५, दुसऱ्याचा १.९, तिसऱ्याचा १.३, चौथ्याचा ०.९५, आणि शेवटी चाकांच्या आधीच्या दातांचा, म्हणजे डिफरन्शियलचा, ४.१. गाडीगाडीत हे आकडे थोडे इकडेतिकडे असतात पण छोट्या गाड्यांचा सगळा खेळ याच आसपास चालतो. टायरचा घेर १.८ मीटर धरला तर ताशी ४० किलोमीटरला चाक मिनिटाला ३७० वेळा फिरतं. आता चाक आणि इंजिन यांच्यामध्ये सगळे दात एकमेकांत अडकलेले असतात, तिथे अंदाजपंचे काही नसतं, चाकाच्या फेऱ्यांना गिअरचा आणि डिफरन्शियलचा रेशो गुणला की झालं, त्यामुळे ४० च्या स्पीडला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २९०० फेऱ्यांच्या आसपासच असणार, तिसऱ्यात २००० च्या आसपासच, चौथ्यात साडेचौदाशे. आणि त्याच स्पीडला कुणी पहिला टाकला तर इंजिनाला ५३०० वर जावं लागेल, म्हणून तर धावत्या गाडीत पहिला गिअर इतका नाही नाही म्हणतो.

म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना, गाडीचा स्पीड तोच राहिला तर, इंजिनाला २९०० वरून २००० वर उतरावंच लागतं. नऊशेचा जिना आहे तो. तुम्ही ड्रायव्हर कितीही भारी असा, त्या दोन पायऱ्या गिअरबॉक्स बनवणाऱ्यानं कारखान्यातच ठरवून टाकल्यात. आपल्या हातात एवढंच की इंजिन स्वतःहून तिथं उतरेपर्यंत थांबायचं, का क्लच पटकन सोडून त्याला ओढून खाली आणायचं. ओढून आणलं की झटका बसतो.

झटक्याच्या दिशेवरून सुद्धा कळतं बरं का चूक कुठं झाली. क्लच सुटला तेव्हा इंजिन हवं त्यापेक्षा जास्त फिरत असेल तर गाडी पुढं उडी मारते, डोकी मागे जातात. इंजिन हवं त्यापेक्षा खाली आलेलं असेल, म्हणजे तुम्ही फार वेळ लावला किंवा खालचा गिअर टाकताना रेस दिलीच नाही, तर गाडीला कुणीतरी मागून धरल्यासारखं होतं, डोकी पुढे येतात. मी शेजारी बसलेलो असलो की रस्त्याकडे न बघता सुद्धा सांगू शकतो की चालवणाऱ्यानं घाई केली का उशीर.

आणि इथं एक गोष्ट आहे जी बऱ्याच चांगल्या चालवणाऱ्यांच्या पण लक्षात आलेली नसते. गिअर बदलताना एक नाही, दोन ठिकाणी वेग जुळवावा लागतो. एक गिअरबॉक्सच्या आत, दातांपाशी. दुसरा क्लचपाशी, इंजिनचं फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) आणि क्लच प्लेट (त्याला दाबून बसणारी, गिअरबॉक्सकडची तबकडी) यांच्यामध्ये. आतलं काम आता सिंक्रोमेश करतो. अमेरिकेत कॅडिलॅकनं १९२८ मध्ये तो पहिल्यांदा गाडीत आणला. पितळेची एक छोटी रिंग असते, तिची आतली बाजू निमुळती, दांडा ढकलला की ती गिअरच्या कोनावर जाऊन दाबते, घासते, आणि घासता घासता दोघांचा वेग एक झाला की मगच दात एकमेकांत जाऊ देते. तुम्ही दांडा हलका दाबून धरता आणि अर्धा क्षण तो अडल्यासारखा होऊन मग लोण्यात गेल्यासारखा आत जातो ना, तो अर्धा क्षण म्हणजे त्या रिंगचं काम चालू असतं. तिथं दांडा दामटायचा नाही. दामटणाऱ्यांच्या गाड्यांचे सिंक्रो पहिले जातात, बहुतेक वेळा दुसऱ्या गिअरचा आधी, आणि मग प्रत्येक वेळी कर्रर्र.

एसटीतल्या त्या जुन्या बॉक्समध्ये हे सिंक्रो नसायचे किंवा असले तर झिजून गेलेले असायचे, म्हणून ड्रायव्हरला ते काम डबल क्लच करून, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून इंजिनाच्या मदतीनं आतले शाफ्ट हळू किंवा जोरात फिरवून, स्वतः करावं लागायचं. आज आपल्या गाडीत तो भाग रिंगा सांभाळतात. पण दुसरा भाग, फ्लायव्हील आणि क्लच प्लेटचा, तो मॅन्युअल गाडीत अजूनही आपल्याकडेच आहे. सिंक्रो इंजिनाचा वेग जुळवत नाही. कधीच नाही. कर्रर्र आवाज आला तर दोष आतला किंवा क्लच पूर्ण दाबला गेला नाही म्हणून, आणि झटका बसला तर दोष रेसचा. या दोन तक्रारी गॅरेजमध्ये लोक एकाच वाक्यात सांगतात, मग मिस्त्री आपला क्लच प्लेटचा खर्च सांगून मोकळा होतो.

पहिली गाडी शिकलो ती घरातली मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली गाडी, ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, आणि डॅशबोर्डवर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटाच नाही. स्पीडोमीटर, पेट्रोल, टेंपरेचर, संपलं. आज मला वाटतं की ते फार बरं झालं, कारण बघायला काही नव्हतंच, ऐकायलाच लागायचं. तीन सिलेंडरचा तो घरघरता आवाज, दुसऱ्यात ओढत नेली की चढत चढत पातळ होत जायचा आणि क्लच दाबून पाय उचलला की झपकन खाली यायचा. हलकं इंजिन, हलकं फ्लायव्हील, ॲक्सिलेटरची साधी केबल. पाय उचलला की थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बंद, थ्रॉटल बंद की हवा बंद, रेस खाली. जेवढ्या वेळात दांडा दुसऱ्यातून खेचून, मधून उजवीकडे सरकवून तिसऱ्यात जायचा साधारण तेवढ्याच वेळात आवाज बरोबर जागेवर यायचा. गाडी बनवणाऱ्यांनी हाताचा आणि इंजिनाचा वेग एकत्र बसवला होता असंच वाटायचं. (बाईकवर हे सगळं अजून पटकन होतं, आणि तिथला क्लच ऑइलमध्ये बुडालेला, चार-पाच प्लेटांचा, त्यामुळे बरंच काही पोटात घालतो.)

हे सगळं परत डोक्यात घोळायला लागलं ते माझ्या भाचीमुळे. तिनं नोकरी लागल्यावर नवी गाडी घेतली, पेट्रोल मॅन्युअल, धुराच्या नव्या नियमांची म्हणजे बीएस-६, आणि लायसन्स असूनही हात बसावा म्हणून सुट्टीत मला घेऊन चालवायला लागली. पोरगी हुशार, कान पण चांगला. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "मामा, मी क्लच दाबते, ॲक्सिलेटरवरून पाय पूर्ण काढते, तरी रेस खालीच येत नाही. थोडा वेळ तिथंच लटकते, कधी कधी तर शंभर-दोनशेनं वर जाते. मी काय चुकतेय?"

काही चुकत नव्हती ती. मी स्वतः बसून बघितलं. २५०० ला क्लच दाबला, पाय काढला, आणि काटा तिथंच. मग अगदी सावकाश, नाखुशीनं खाली. तिनं सर्व्हिस सेंटरला विचारलं तर उत्तर मिळालं, मॅडम, आजकाल सगळ्याच गाड्या अशा असतात. उत्तर बरोबरच आहे, पण कारण कुणीच सांगत नाही, आणि कारण कळलं की त्या गाडीवरचा राग बराच कमी होतो, निदान माझा झाला.

आता ॲक्सिलेटरला केबल नसते. पेडलखाली सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला सांगतो की पाय उचलला, आणि थ्रॉटल किती आणि कधी बंद करायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. तुम्ही फक्त विनंती केलेली असते. आणि कॉम्प्युटरचं पहिलं कर्तव्य धुराशी आहे. थ्रॉटल एकदम बंद झाला तर इंजिनाच्या तोंडाशी जोरात व्हॅक्यूम तयार होतो, इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंतींना चिकटलेला पेट्रोलचा पातळ थर एकदम उडून आत जातो, हवा कमी आणि पेट्रोल जास्त, धड जळत नाही, आणि ते न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड सायलेन्सरकडे निघतं. बरं, मग पेट्रोलच तोडून टाकलं तर? तर नुसती हवा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, तो ऑक्सिजननं भरून जातो, आणि परत रेस दिल्यावर काही क्षण नायट्रोजनचे ऑक्साइड त्याला आवरत नाहीत. म्हणून गिअर बदलतानाच्या त्या क्षणापुरता कॉम्प्युटर मधला मार्ग काढतो. थ्रॉटल हळूहळू मिटतो, थोडं थोडं जळू देतो, धूर आटोक्यात. त्यात तीन सिलेंडरचं इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, थरथरू नये म्हणून जड फ्लायव्हील दिलेलं असलं की रेस अजूनच रेंगाळते.

आपल्याकडे चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आणि बिनशिशाचं पेट्रोल १९९५ मध्ये आलं, बीएस-४ सगळ्या देशात एप्रिल २०१७ ला, आणि मधली पायरी गाळून बीएस-६ एप्रिल २०२० ला. प्रत्येक पायरीवर नियम आवळत गेले. मी पुण्यात सिग्नलला स्कूटरवर नाकाला रुमाल बांधून उभं राहायचे दिवस बघितलेत, तेव्हाचा तो निळसर धूर, डोळ्यांची जळजळ. त्यामुळे ही रेंगाळणारी रेस मला गाडीचा दोष वाटत नाही. त्या अर्ध्या सेकंदाच्या बदल्यात काहीतरी मिळालंय आपल्याला. पण हे पण तितकंच खरं की चालवणाऱ्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलं. पाय उचलला की इंजिन लगेच हो म्हणायचं, तो होकार आता उशिरा येतो.

मग करायचं काय, तर भाचीला मी एवढंच सांगितलं की क्लच आणि ॲक्सिलेटर एकाच क्षणी बदलू नकोस. ॲक्सिलेटर आधी सोड, अगदी किंचित आधी, गाडी गिअरमध्ये असतानाच. इंजिन चाकांना बांधलेलं असतं तोवर ते एकटं लटकू शकत नाही, आणि तेवढ्यात थ्रॉटल मिटायला लागतो. मग क्लच. मग दांडा घाई न करता. दुसरं, २५०० पर्यंत ताणायची गरज नसेल तर २००० लाच बदल, जिना लहान होतो. आणि तिसऱ्यात क्लच सोडताना शेवटचा इंचभर जरा सावकाश, कारण उरलेला शंभर-दोनशेचा फरक क्लच प्लेट घासून मिटवते, ते तिचं कामच आहे, त्याला घाबरायचं नाही. चार-पाच दिवसांत तिची गाडी सरळ पाण्यासारखी चालायला लागली.

एक सांगून ठेवतो, प्रत्येक लटकणारी रेस नॉर्मल नसते. थंडीत सकाळी इंजिन गार असताना आयडलच बाराशे-पंधराशेवर असतं, तेव्हा रेस पूर्ण खाली येणारच नाही, गरम झालं की बसतं. पण गरम इंजिनाला उभ्या गाडीत पण रेस वर-खाली होत असेल तर थ्रॉटल बॉडी घाण झालेली असू शकते किंवा कुठंतरी व्हॅक्यूमचा पाइप सुटलेला. ॲक्सिलेटरखाली मॅट सरकून अडकणं हा तर सगळ्यात साधा आणि सगळ्यात धोकादायक प्रकार. आणि गाडी चौथ्यात आहे, तुम्ही पाय दाबला, रेस चढली पण स्पीड चढला नाही, तर ती क्लच प्लेट संपलेली, तिथं चर्चा नको, गॅरेज गाठा.

ज्यांना हे काहीच नको त्यांच्यासाठी एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल, आली. आपल्याकडे पहिली २०१४ ला सेलेरिओमध्ये. लोक तिला ऑटोमॅटिक म्हणतात, आणि पेडल दोनच आहेत तेव्हा म्हणायला हरकत नाही, पण आत तोच क्लच, तोच गिअरबॉक्स, तेच दात. फक्त पाय आणि हाताच्या जागी मशीन. गिअर बदलताना ती गाडी जी मान डोलावते ना, ते मशीन रेस खाली यायची वाट बघत असतं म्हणून. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास क्लच दाबून गुडघा धरलेल्या माणसाला मी एएमटी घेऊ नकोस असं कधीच म्हणणार नाही. पण त्याला एक युक्ती जरूर सांगतो, गिअर बदलायची वेळ आली असं वाटलं की पाय जरासा हलका कर, मान डोलणं निम्म्यावर येतं. म्हणजे परत तेच, कान लागतोच.

आता घाट. वर चढवणं सोपं, खरी परीक्षा उतरताना, कारण तिथं खालचा गिअर टाकायचा असतो आणि इंजिनाला उतरायचं नसतं, चढायचं असतं. ३० च्या स्पीडला आमच्या त्या हिशोबातल्या गाडीचं तिसऱ्यात इंजिन साधारण १५०० ला असतं, दुसऱ्यात २१५० ला हवं. क्लच दाबल्यावर आपणहून ते वर जाणार नाहीये, उलट आयडलकडे घसरणार. धावत्या एसटीत चढणारा माणूस जसा आधी दांडीला हात न लावता चार पावलं एसटीच्या वेगानं पळतो आणि मग पाय टाकतो, तसं इंजिनाला आधी त्या वेगाला नेऊन मग क्लच सोडायचा. ॲक्सिलेटरला एक हलकी टिचकी, बस. न देता क्लच सोडला तर चाकं इंजिनाला ओढून वर नेतात, गाडी नाक खाली घालते, आणि पावसात ओल्या वळणावर हे झालं तर पुढची चाकं घसरू शकतात. रेंगाळणाऱ्या रेसची गाडी इथं मात्र मदत करते, टिचकी दिली की आवाज वर जाऊन टिकून राहतो, वेळ मिळतो.

आणि न्यूट्रल करून घाट उतरवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की पेट्रोल वाचत नाही. इंजेक्शनवाली गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर पूर्ण सोडलं आणि रेस साधारण हजार-दीड हजारच्या वर असली की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये त्याला आयडलला जिवंत राहायला पेट्रोल लागतंच. वर सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, तापलेले ब्रेक धरत नाहीत. आणि इंजिन बंद करून उतरवलं तर ब्रेकचा बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा) दोन-चार दाबांत संपतो आणि पॉवर स्टेअरिंग दगड होतं. घाटात तापलेल्या ब्रेकचा जळका वास ज्यानं घेतलाय तो परत न्यूट्रल करत नाही.

भाचीला शेवटच्या दिवशी पसरणी घाट उतरवायला दिला, पाचगणीकडून वाईकडे. डाव्या बाजूला कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी, पण तिनं एकदाही तिकडं बघितलं नाही, मी पण सांगितलं नाही. पहिल्या दोन-तीन वळणांना टिचकी कमी पडली, डोकी पुढे. मग एका वळणाला जास्त झाली, गाडी हलकीशी उडाली. मी बोललो नाही, कारण तिला ऐकू येत होतं. हॅरिसन्स फॉलीचं वळण मागे टाकल्यावर तिनं ब्रेक लावला, वेग उतरवला, क्लच, टिचकी, दुसरा, क्लच सोडला, आणि काहीच झालं नाही. नुसता आवाज एक पट्टी वर गेला आणि गाडी आपोआप धरल्यागत वळणात शिरली. तिनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी म्हटलं समोर बघ, पुढचं वळण याच्यापेक्षा आवळ आहे, आणि खालून टेम्पो येतोय.